किनाऱ्यावरचा जांभळा गुलाब: ‘रॅप्सडी इन ब्ल्यू’ कोकणात कसा वाढवावा

लग्न होऊन गुहागरला आले त्या वर्षापासून मी ऐकत आले आहे की कोकणात कलमी गुलाब टिकत नाही. खळ्याच्या कडेला गावठी गुलाबी गुलाब असतो. तो देवाला रोज दोन फुलं देतो आणि कुणी लक्ष दिलं नाही तरी जगतो. पण घाटावरून हौसेनं आणलेलं कलम जुलैत पानं टाकतं, ऑगस्टात शेंड्याकडून काळं पडत खाली येतं आणि गणपतीपर्यंत नुसती काठी उरते. माझी पहिली तीन झाडं अशीच गेली. चौथं मात्र सात वर्षं घराच्या पूर्वेला उभं आहे. डिसेंबरात ते जांभळ्या फुलांनी भरलं की रस्त्यानं जाणारी माणसं गडग्यापाशी थांबून विचारतात, ‘हा खरंच गुलाबच ना?’

त्या तीन झाडांनी मला जे शिकवलं ते आधीच सांगते, कारण पुढची सगळी कामं त्यावरच बेतलेली आहेत. किनारपट्टीवर हा गुलाब आठ महिन्यांचा आहे. कोजागिरीपासून मेअखेरपर्यंत त्याच्याकडून फुलं घ्यायची आणि जून ते सप्टेंबर त्याला फक्त जगवायचं. पावसाळ्यात फुलांची आशा धरून खत-पाणी केलं की झाड हातचं जातं.

जात कोणती आणि का

‘रॅप्सडी इन ब्ल्यू’ ही झुडुपी गुलाबाची जात आहे. इंग्लंडमधले हौशी गुलाबप्रेमी फ्रँक काउलिशॉ यांनी ती तयार केली आणि १९९९ च्या सुमारास ती बाजारात आली. २००३ साली ब्रिटनमध्ये तिला ‘रोझ ऑफ द इयर’ हा मान मिळाला. तिच्या वंशावळीत १९६४ चा जर्मन ‘ब्ल्यू मून’ही आहे. तोच फिकट लव्हेंडर रंगाचा सुवासिक गुलाब आपल्याकडे बऱ्याच नर्सरींत ‘निळा गुलाब’ म्हणून मिळतो.

फूल मोठं नसतं. फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबासारखी घट्ट कळीही नसते. दोन-तीन फेर पाकळ्यांचं उघडं फूल, मध्ये छोटासा पांढरट डोळा आणि त्यात पिवळेधमक केसर. एका दांड्यावर घोस येतो. कळी पिकल्या करवंदासारखी काळपट असते. उमलल्यावर पहिल्या दिवशी ती गडद जांभळी, दुसऱ्या दिवशी थोडी निळसर आणि तिसऱ्या दिवशी पावसाळी ढगासारखी राखाडी निळी होते. घोसातली फुलं एकाच दिवशी उमलत नाहीत, त्यामुळे एकाच दांड्यावर या तिन्ही छटा शेजारी शेजारी दिसतात. वास मसालेदार, माझ्या नाकाला लवंगेकडे झुकणारा वाटतो.

या जातीशी माझं नातं जमलं त्यात या उघड्या फुलाचा मोठा वाटा आहे. शंभर पाकळ्यांच्या भरगच्च गुलाबाची कळी आपल्या दमट हवेत उमलण्याआधीच आतून सडते. कळी दाबून पाहिली तर तपकिरी, ओलसर लागते. ‘रॅप्सडी’च्या पाकळ्या कमी, म्हणून पाणी साचत नाही आणि फूल सकाळच्या तासाभरात पूर्ण उघडतं.

जांभळ्या गुलाबाच्या शोधात असताना जुन्या युरोपीय जातींची चित्रं पाहून मोह होतो. ‘कार्डिनल द रिशल्यू’सारखे गॅलिका गुलाब फार सुंदर असतात, पण ते वर्षातून एकदाच फुलतात आणि त्याआधी त्यांना कडक थंडी लागते. किनाऱ्यावर ती कुठून आणायची? ‘रॅप्सडी’ मिळालीच नाही तर ‘एब टाइड’, ‘मिडनाइट ब्ल्यू’, ‘अँजेल फेस’ किंवा ‘ब्ल्यू मून’ यांपैकी जे खात्रीनं मिळेल ते घ्या. पुढची सगळी पद्धत त्यांनाही लागू आहे. फक्त ‘ब्ल्यू मून’ झुडूप होत नाही, सरळसोट वाढतो.

निळा गुलाब मागू नका

एवढं आधी नीट समजून घेतलं तर फसवणूक टळते. गोकर्णीचं निळं फूल, वांग्याचं साल, जांभळाचा रस यांत डेल्फिनिडिन नावाच्या रंगद्रव्याचं कुटुंब असतं. गुलाबाला ते स्वतःहून तयार करताच येत नाही, कारण त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नाही. गुलाबाचा जांभळा येतो तो सायनिडिनपासून, म्हणजे लाल गुलाबातल्याच रंगद्रव्यापासून. पाकळीतला रस आणि इतर द्रव्यं यांच्या सोबतीनं ते जांभळ्याकडे झुकतं. फूल जुनं होताना रसाचा आंबटपणा कमी होतो, म्हणून तिसऱ्या दिवशी छटा निळसर होते. गोकर्णीच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते जांभळं होतं, हे घरात मुलांना दाखवलं असेल तर रसाच्या आंबटपणानं रंग कसा बदलतो हे लगेच कळेल.

जपानच्या सनटोरी कंपनीनं ऑस्ट्रेलियाच्या फ्लोरिजीनबरोबर पॅन्सीचं जनुक गुलाबात घालून २००४ साली ‘निळा गुलाब’ जाहीर केला आणि २००९ पासून जपानमध्ये तो विकायला आणला. तोसुद्धा डोळ्यांना फिकट जांभळाच दिसतो. तेव्हा ऑनलाइन मिळणाऱ्या ‘निळ्या गुलाबाच्या बिया’ घेऊ नका. जातिवंत गुलाब बियांपासून मुळात जसाच्या तसा येतच नाही, तो कलमानंच वाढवावा लागतो.

कलम घेताना

ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात घ्या. मी पहिलं झाड जूनमध्ये घेतलं होतं. वर्षभरात त्याला गुलाबी, झुपकेदार, बारीक फुलं आली. विकणाऱ्यानं फसवलं असं मला वाटलं, पण जमीन उकरून पाहिल्यावर कळलं की कलमाचा डोळा केव्हाच मेला होता आणि फुलत होता तो खालचा खुंट, म्हणजे ज्या दुसऱ्या गुलाबावर कलम बांधतात तो.

म्हणून नर्सरीत सगळ्यात आधी कलमाचा सांधा बघा. मातीच्या थोडं वर, जिथे खोड गाठीसारखं जाड होतं, तो सांधा. सगळ्या फांद्या त्या गाठीच्या वरून निघालेल्या हव्यात. निदान तीन फांद्या, पेन्सिलीएवढ्या जाड, हिरव्या, सुरकुती नसलेल्या. खालच्या पानांवर काळे ठिपके असतील तर ते झाड सोडा. फूल पाहूनच घ्या. फूल नसेल तर चिठ्ठीवर ‘रॅप्सडी इन ब्ल्यू’ किंवा तिचं नोंदणीचं नाव ‘फ्रँटेशिया’ लिहिलेलं आहे का पाहा. घाट उतरून आलेलं झाड आठवडाभर पडवीत, सावलीत राहू दे. लगेच जमिनीत घालू नका.

जागा: सकाळचं ऊन, दुपारची सावली, खाऱ्या वाऱ्याला आडोसा

गुलाबाला भरपूर ऊन लागतं, हे पुस्तकातलं वाक्य आपल्याकडे अर्धंच खरं आहे. जांभळा रंग कडक उन्हात जळतो. माझं एक कलम मी पश्चिमेला, पूर्ण उन्हात लावलं होतं. एप्रिलमध्ये त्याची फुलं सकाळी जांभळी उघडायची आणि दुपारी दोनला कडेनं करपून मळक्या गुलाबी रंगाची व्हायची. पूर्वेकडे, जिथे सकाळी सातपासून बारा-एकपर्यंत ऊन येतं आणि नंतर घराची सावली पडते, तिथे तीच जात तीन दिवस रंग धरते. माडांच्या वाडीतली चाळणीतून आल्यासारखी सावली चालणार नाही. तिथे पानं दिवसभर ओली राहतात आणि फांद्या लांबट होतात. वरून झावळ किंवा नारळ पडण्याची भीती तर आहेच.

खारा वारा पश्चिमेकडून येतो. घर समुद्रापासून जवळ असेल तर पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत दिसतात, तो मिठाचा चटका असतो. पश्चिमेला जास्वंद किंवा मेंदीचं कुंपण, नाहीतर घराची भिंतच आडोशाला हवी. पण झाडाभोवती हवा खेळली पाहिजे. चारी बाजूंनी कोंडलेल्या खळ्यात बुरशीचं माहेर होतं. भिंतीपासून निदान तीन फूट लांब लावा, म्हणजे पागोळीचं पाणीही झाडावर पडणार नाही.

माती: इथे घाई करू नका

रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आगेमागे पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. खाली जांभा, म्हणजे आपला लाल कातळ, असेल तर खड्डा म्हणजे हौद. माझं दुसरं झाड त्यात बुडून मेलं. मी दीड फुटी सुंदर खड्डा खणला, त्यात शेणखत भरलं, आणि जुलैत तो खड्डा आजूबाजूच्या कातळाचं सगळं पाणी ओढून घेत राहिला. झाड उपटलं तेव्हा मुळं काळी पडली होती आणि त्यांना गटारासारखा वास येत होता.

म्हणून आधी परीक्षा घ्या. जागेवर दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा आणि पाण्यानं भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दोन तासांत उतरलं तर जमिनीत लावायला हरकत नाही. उतरलं नाही तर खड्डा बुजवा आणि जमिनीच्या वर वाफा करा.

वाफ्यासाठी जांभ्याचे चिरे आपल्या दारातच असतात. तीन फूट बाय तीन फूट चौकोन, दोन फूट उंच, चिरे कोरडेच रचायचे, सांध्यांत सिमेंट भरायचं नाही. त्या फटींतून पाणी बाहेर पडतं. तळाला चिऱ्याच्या कपच्यांचा चार-पाच इंचांचा थर द्या. त्यावर ही माती: चार पाट्या लाल माती, दोन पाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत, एक पाटी नदीची जाड वाळू, एक पाटी काथ्याचा भुसा. सोबत पाव किलो निंबोळी पेंड आणि दोन मुठी हाडांचा चुरा. वाफा भरेपर्यंत याच प्रमाणात मिसळत राहा. काही दिवसांत माती खाली बसते, तेव्हा पुन्हा वर भर टाका.

यातल्या दोन वस्तूंबद्दल थोडं जास्त सांगते. वाळू समुद्राच्या पुळणीवरची घेऊ नका, कितीही धुतली तरी नको. आणि काथ्याचा भुसा वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून पिळून काढा, कारण सोडणं, म्हणजे नारळाची सालं, अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात. पिळलेल्या पाण्याचा थेंब जिभेला लावून पाहा. खारट लागलं तर आणखी एकदा धुवा. गुलाबाला मीठ अजिबात सोसत नाही.

जांभ्याची लाल माती आंबट असते. शिवाय तिच्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) पकडून ठेवतात, म्हणजे वरून टाकलेलं खत मुळांना मिळत नाही. गुलाबाला थोडीच आंबट माती आवडते, सामू (पीएच) साधारण ६ ते ६.५. म्हणून लाल मातीत वाफ्याला दोन मुठी शिंपल्यांचा चुना लावणीच्या पंधरा दिवस आधी मिसळा. हाडांचा चुरा वर पसरू नका, मुळांच्या पातळीवर द्या. पण तुमचं आगर समुद्रालगत, शिंपल्याच्या चुऱ्याच्या पांढरट वाळूत असेल तर चुना घालू नका. तिथे माती आधीच उलट बाजूला झुकलेली असते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण. तिथे शेणखत दुप्पट करा. जिल्ह्याजिल्ह्यात माती तपासून मिळते, खर्चही फार नसतो. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच मातीवर काम करत आलं आहे. मी तरी पहिल्या वाफ्याआधी माती तपासून घेतली असती तर दोन वर्षं वाचली असती.

जागा नसेल किंवा धीर होत नसेल तर चौदा-सोळा इंची कुंडी घ्या. माती तीच, वाळू थोडी जास्त. कुंडीचा मोठा फायदा असा की जूनमध्ये ती उचलून पडवीत नेता येते. नवख्या माणसाला मी पहिल्या वर्षी कुंडीच सांगते.

लावणी: मृगावर नाही, कोजागिरीनंतर

सासूबाई म्हणायच्या, ‘अगो, मिरगावर लाव, आपोआप धरेल.’ जास्वंद, अबोली, अळू, सुरण, सगळं त्यांनी मृगावर लावलं आणि सगळं धरलं. गुलाबाला मात्र हा नियम उलटा आहे. नव्या मुळांना हवा लागते, आणि जूनच्या मातीत हवेला जागाच उरत नाही. पाऊस ओसरल्यावर, कोजागिरीच्या पुढे माती वाफशावर आली, म्हणजे ओल असूनही मोकळी झाली, की लावा. पुढे सात-आठ महिने मुळांना पसरायला मिळतात आणि पहिला पावसाळा झाड भक्कम पायावर घेतं.

लावताना पिशवी कापा, गोळा फुटू देऊ नका. कलमाचा सांधा मातीच्या दोन इंच वर राहिला पाहिजे. थंड देशांत तो जमिनीत गाडतात, कारण तिथे बर्फापासून जपायचं असतं. आपल्याकडे गाडला तर पावसात कुजतो आणि खुंटाची फूट वर येते. माती हातानं दाबा, पायानं नको. संध्याकाळी लावा, भरपूर पाणी द्या, आणि आठवडाभर दुपारी वर एखादी झावळ टेकवून सावली करा.

दोन झाडांत चार फुटांचं अंतर ठेवा. इंग्लंडात ही जात चार-पाच फुटांवर थांबते, माझी मात्र सहा फुटांच्या वर गेली. तळाशी ती उघडी पडते, हा तिचा खरा दोष. पुढे गुलछडी किंवा बुटकी अबोली लावली तर तो झाकतो.

पाणी आणि खत

पाणी सकाळी, बुंध्याशी. पानांवर नाही. थंडीत दिवसाआड, मार्चपासून रोज. बुंध्यापासून चार बोटं सोडून पातेरा, म्हणजे वाळका पाला, किंवा सोडणांचे तुकडे पसरा, माती थंड राहते. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. पाणी पिताना जिभेला जरा जरी वेगळं लागलं तर ते गुलाबाला घालू नका. मे महिन्यात मी वरच्या वाडीतलं गोडं पाणी दोन हंडे आणून या झाडांसाठी ठेवते.

खतात शेंगदाण्याची पेंड चार दिवस भिजवून, दहापट पाणी घालून पंधरा दिवसांतून एकदा देते. छाटणीनंतर शेणखताची एक पाटी. जुनी पानं शिरांमधून पिवळी पडू लागली की दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून फवारते, कारण पावसानं आपल्या मातीतलं मॅग्नेशियम धुऊन जातं. मासळी धुतलेलं पाणी चालतं, पण खारवलेल्या सुकटीचं, कुटीचं खत गुलाबाजवळही नको. एप्रिलच्या मध्यानंतर खत बंद. कोवळी, रसरशीत फूट घेऊन झाड पावसात शिरलं तर बुरशी आधी तिलाच धरते.

डिसेंबर-जानेवारी: ज्यासाठी एवढं सगळं करायचं

किनाऱ्यावर रात्रीचं तापमान १८-२० अंशांपर्यंत उतरतं आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तेव्हा या फुलाचा रंग सगळ्यात खोल असतो. तीच जात एप्रिलमध्ये फिकट, लालसर आणि छोटी येते, एका दिवसात संपते. पहिलं उन्हाळी फूल पाहून झाड बदललं की काय असं वाटतं. तसं काही नसतं, ते फक्त उकाड्याचं फूल असतं.

वास घ्यायचा तर सकाळी साडेसात-आठला जा. ऊन पाकळीवर नुकतं पडलेलं असावं, वारा पडलेला असावा. त्या वेळी फुलाशी नाक न नेताही हातभर अंतरावरून वास कळतो. दहानंतर खारा वारा चालू झाला की तो विरून जातो. फुलदाणीसाठी घोस कापायचा असेल तर त्यातलं एकच फूल उमललेलं आणि दोन-तीन कळ्या रंग दाखवणाऱ्या असताना, आठच्या आत कापा. दांडा लगेच पाण्यात.

सुकलेला घोस झाडावर ठेवू नका. त्याखालच्या पहिल्या पाच दलांच्या निरोगी पानाच्या वर कापा. तिथून नवी फूट येते आणि सहा-सात आठवड्यांत पुन्हा फूल लागतं. असे तीन बहर मला मेपर्यंत मिळतात.

पावसाळा: गुलाबाला इरलं

काळ्या ठिपक्यांची बुरशी पाण्याच्या शिंतोड्यांतून पसरते आणि पान सलग सात तासांच्या आसपास ओलं राहिलं की आत शिरते. आपल्याकडे जुलैत पान सात सात दिवस कोरडं होत नाही. मग फवारणी किती करणार? प्रत्येक सर औषध धुऊन नेते. त्यामुळे पान ओलंच होऊ न देणं हा इथला खरा उपाय आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ही कामं करा. बुंध्याभोवतीचा सगळा पातेरा काढा, गळलेली पानं गोळा करून जाळा, कारण बुरशी त्यांतच थांबलेली असते. वाफ्याच्या चिऱ्यांच्या फटी काठीनं मोकळ्या करा. मग चार बांबू रोवून वर झुडपापेक्षा दोन फूट उंचीवर पारदर्शक प्लास्टिक ताणा. हरितगृहांसाठी मिळतो तो २०० मायक्रॉनचा जाड कागद घ्या, साधा दोन वादळांत फाटतो. पश्चिमेची बाजू खाली आणि पूर्वेची वर, म्हणजे वारा कागद उचलत नाही, दाबून बसवतो. चारी बाजू उघड्या हव्यात. भातलावणीला बायका डोक्यावर घेतात त्या इरल्यासारखं हे छप्पर, वरून पाणी अडवणारं आणि खालून हवा खेळू देणारं. कुंडी असेल तर पडवीच्या पूर्वेच्या कडेला, पागोळीच्या आत ठेवा.

छप्पर घालण्याआधी एकदा बोर्डो मिश्रण फवारा. पोफळीच्या कोळेरोगासाठी आपल्याकडे ते घरोघरी करतात, त्यामुळे मोरचूद आणि चुना मिळायला अडचण नाही. पोफळीला एक टक्का चालतं, गुलाबाचं पान त्यानं भाजू शकतं, म्हणून अर्धा टक्का करा. ५० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, ५० ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. आकाशी रंगाचं दाट पाणी होईल. त्यात स्वच्छ लोखंडी कोयत्याचं टोक मिनिटभर बुडवा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी आहे, अजून चिमूटभर घाला आणि पुन्हा पाहा. थर दिसेनासा झाला की मिश्रण तयार. त्याच दिवशी, कोरड्या हवेत, पानांच्या खालून-वरून फवारा. उरलं तर ठेवू नका. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

नंतर चार महिने खत नाही, छाटणी नाही. कळी आली तर चिमटीनं खुडून टाका. मला पहिल्या वर्षी खुडवत नव्हती, पण ती कळी तशीही सडते आणि सड दांड्यातून खाली उतरते. छपराखालची माती मूठभर उकरून बघा, सुकली असेल तरच पाणी. ठिपक्याचं पान दिसलं की त्याच दिवशी तोडा. निम्मी पानं गळली तरी घाबरू नका, फांदी हिरवी आहे तोवर झाड जिवंत आहे.

पहिल्या सरींनंतर रात्री भुंगेरे पानांची चाळण करतात. बॅटरी घेऊन वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. गोगलगाईंचंही तेच. उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी आणि तांबडे ठिपके दिसले तर ते लाल कोळी. त्यांच्यासाठी मात्र सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, दुपारपर्यंत पान सुकतं. जांभ्यात वाळवी असतेच, निंबोळी पेंड दर सहा महिन्यांनी द्या. यापलीकडे मी काही करत नाही.

छाटणी

घाटापलीकडे काही जण जूनमध्येही छाटतात. किनाऱ्यावर ते करू नका. ताजा काप आठवडाभर भिजत राहिला की तिथून मर सुरू होते आणि फांदी टोकापासून खाली काळी पडत जाते. आमच्याकडे छाटणी वर्षातून एकदाच, कोजागिरीनंतर, सलग चार दिवस कोरडे गेल्यावर.

आधी मेलेल्या, मग आत वळलेल्या, मग पेन्सिलीहून बारीक फांद्या काढा. उरलेल्या चार-पाच जाड फांद्या निम्म्यावर आणा. या जातीला उघडं बूड ठेवण्याची खोड आहे, म्हणून दर वर्षी सगळ्यात जुनी एक फांदी तळाशी, सांध्याच्या जरा वर कापते, तिथून नवा जोमदार फुटवा येतो. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. कापल्यावर गाभा बघा. तो तपकिरी असेल तर मर अजून खाली गेलेली आहे. एकेक इंच खाली कापत जा, पांढरा, ओलसर गाभा दिसेपर्यंत. एका वर्षी मला तीन फुटांची फांदी वीतभर उरेपर्यंत कापावी लागली. हात थरथरला, पण त्याच वीतभर खुंटीतून जानेवारीत घोस आला. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटनं पुसा. कापांवर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी.

खुंटाची फूट सांध्याच्या खालून येते. पानांची दलं मोजून ती ओळखू नका, फसायला होतं. माती बाजूला करून ती कुठून निघाली ते पाहा आणि कापण्याऐवजी खाली ओढून उपटा.

डोळा भरणं

झाड तीन वर्षांचं झालं की डोळा भरून, म्हणजे त्याचा एक डोळा दुसऱ्या गुलाबाच्या सालीत बसवून, त्याचं दुसरं करून ठेवा. ‘रॅप्सडी’च्या नुसत्या काड्या माझ्याकडे मुळं धरत नाहीत, धरल्या तर पावसात जातात. गावठी गुलाबावर डोळा भरलेलं झाड मात्र आपल्या हवेला सरावलेल्या पायांवर उभं राहतं. गावठीच्या पेन्सिलीएवढ्या काड्या जूनमध्ये पिशव्यांत, छपराखाली लावा. जानेवारीपर्यंत त्या तयार होतात.

सकाळी लवकर, जातिवंत झाडाच्या नुकत्या फुलून गेलेल्या दांड्यावरचा टपोरा, पण न फुटलेला डोळा निवडा. खुंटावर मातीपासून चार बोटं वर, इंचभर लांब, ‘टी’च्या आकाराचा काप फक्त सालीत घ्या आणि चाकूच्या पाठीनं साल दोन्हीकडे अलगद उचला. सहज उचलली गेली तर रस चालू आहे. अडकली तर दोन दिवस पाणी घालून पुन्हा या. मग डोळ्याची ढालीसारखी चकती काढा, मागे लाकडाचा तुकडा आला असेल तर सोलून टाका, आणि ती सालीच्या आत वरून खाली सरकवा. डोळा उघडा ठेवून वर-खाली प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधा. हे सगळं दोन मिनिटांत व्हायला हवं, डोळा सुकता कामा नये.

तीन-चार आठवड्यांनी डोळा हिरवा आणि फुगलेला दिसला तर पट्टी सोडा. काळा पडला असेल तर खुंटाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा भरा, खुंट वाया जात नाही. डोळ्यातून बोटभर फूट आली की खुंटाचा वरचा भाग डोळ्याच्या अर्धा इंच वर कापा. येणारी पहिली कळी खुडा. तो पावसाळा कलम पिशवीतच, पडवीत काढू दे, आणि कोजागिरीनंतर वाफ्यात लावा.